साठ लिटरची खारी टाकी : पाणी नितळ, पण नायट्रेट ४० वरून हलत नाही

कोथरूडकर :

नमस्कार मंडळी,

गोड्या पाण्याची टाकी बरीच वर्षं सांभाळली, गेल्या दिवाळीनंतर खाऱ्या पाण्याकडे वळलो. टाकी छोटीच आहे, दगड-वाळू वजा जाता साधारण ६० लिटर पाणी. क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर कोळंबी, काही गोगलगाई आणि हर्मिट खेकडे. प्रवाळ एकही नाही. मागे लटकवायचा फिल्टर, एक वेव्हमेकर (पाणी फिरतं ठेवणारा पंप) आणि उन्हाळा सुरू झाल्यापासून वर छोटा पंखा.

पाणी अगदी नितळ दिसतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. पण नायट्रेट (खाणं-विष्ठा कुजून शेवटी उरतं ते) ४० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅम, आणि दगडांवर केसाळ हिरवं शेवाळ माजलंय. दर रविवारी ६ लिटर पाणी बदलतो. मीठही विकतचं, खास रीफ टाकीचं, चांगलं महागडं. तरी पुढच्या रविवारी बघावं तर आकडा परत तिथेच. दुकानदार म्हणतो प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) घ्या. मित्र म्हणतो बॅक्टेरियाची बाटली ओत. घरचे म्हणतात, एवढ्या पैशात वर्षभर पापलेट खाल्लं असतं.

स्किमर घ्यावा का? की आणखी काही बघू?

खडेमीठ :

पापलेटचा मुद्दा बिनतोड आहे.

बाकी आम्ही पेणचे, मिठागरं डोळ्यासमोर. शंका अशी की समुद्राचंच मीठ इथे पोत्याने मिळत असताना डब्यातल्या मिठाला एवढे पैसे का मोजायचे? समुद्राचं पाणी आटवलं की मीठ, मिठात पाणी घातलं की समुद्र. की माझंच गणित चुकतंय?

चिंबोरी :

@खडेमीठ, चुकतंय, पण त्याचं उत्तर रसायनमास्तर देतील. ते या धाग्यावर आल्याशिवाय राहणार नाहीत.

@कोथरूडकर, स्किमर घेण्याआधी थोडी माहिती द्या. पाणी कुठलं वापरता? नळाचं, बाटलीबंद, की स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं? खाणं काय आणि किती, आणि ते देणारे हात किती? फिल्टरचा स्पंज शेवटचा कधी धुतलात? आणि नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली नीट हलवून घेता ना? बऱ्याच किटमध्ये त्या बाटलीत पावडर तळाला बसते. अर्धा मिनिट जोरजोरात हलवली नाही तर आकडा खरा आहे त्यापेक्षा कमीच दिसतो. म्हणजे तुमचे ४० कदाचित ६० सुद्धा असतील. (घाबरवत नाहीये, आधी हलवून बघा.)

पाणी नितळ आहे यावर फार जाऊ नका. नायट्रेट, फॉस्फेट, अमोनिया, तांबं, यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. उलट माझ्या ठाण्याच्या टाकीत कधीकधी बारीक कण तरंगतात आणि तरी सगळे आकडे ठीक असतात.

कोथरूडकर :

धन्यवाद ताई. बाटली हलवून परत चाचणी केली, ४० च आहे.

पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं. भर घालायलाही तेच आणि मीठ कालवायलाही तेच. पंख्यामुळे रोज लिटरभर तरी उडतं. खाणं म्हणजे गोठवलेल्या मायसिसचा (कोळंबीसारखे बारीक जीव) क्यूब, अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी. शिवाय बाबा येता-जाता फ्लेक्सची चिमूट टाकतात. मासे त्यांना बघून काचेशी नाचतात, मग त्यांना राहवत नाही. स्पंज महिन्यातून एकदा धुतो, टाकीतून काढलेल्या पाण्यातच.

रसायनमास्तर :

चिंबोरीताईंनी हाक मारली, आलो.

आधी मिठाचं. समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्के भरतात. उरलेल्या १५ टक्क्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे सगळं येतं. मिठागरात पाणी आटत जातं तसं आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम खाली बसतं, म्हणजे कॅल्शियम गेलं. मग मीठ धरतं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम मागे उरलेल्या कडवट पाण्यात, बिटर्नमध्ये राहतं आणि ते काढून टाकतात. तेव्हा पोत्यातलं मीठ हा समुद्राचा एक भाग झाला, अख्खा समुद्र नव्हे. खऱ्या समुद्रात लिटरमागे कॅल्शियम ४१० मिलिग्रॅमच्या आसपास आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास असतं. खडे मीठ कितीही विरघळवलंत तरी हे येणार नाही. सैंधवाचंही तेच. आयोडीनयुक्त मिठाचं तर नावच नको.

आता कोथरूडकरांचं गणित. हे कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही.

टाकीत आठवड्याला समजा २ पीपीएम नायट्रेट तयार होतं आणि तुम्ही दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलता, नवं पाणी शून्य नायट्रेटचं. मग आकडा चढत चढत एका जागी थांबतो. कुठे? जिथे १० टक्के बदलाने जाणारं नायट्रेट आणि आठवड्यात येणारं नायट्रेट सारखं होतं तिथे. २ हे ज्याचे १० टक्के तो आकडा २०. म्हणजे पाणी बदलण्याआधी २०, बदलल्यावर १८, पुढच्या रविवारी परत २०. वर्षभर करत राहा, आकडा जागचा हलणार नाही. आठवड्याला ४ तयार होत असेल तर तोच ४० वर थांबेल. तेव्हा १० टक्के बदलाने नायट्रेट 'उतरत' नाही, ते आठवड्याच्या आवकीच्या दहापटीवर टिकून राहतं. आवक अर्धी केली तर आकडा अर्धा होतो.

आता तुमची आवक नुसती खाण्याची आहे, की पाण्यातूनही आहे? जो किट टाकीला लावता तोच प्युरिफायरच्या पाण्याला लावा आणि कळवा. टीडीएसचं (विरघळलेले क्षार मोजायचं) पेन असेल तर तोही आकडा द्या.

वऱ्हाडी_मासा :

मास्तर, हे दहापटीचं प्रकरण लय भारी आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कोथरूडकर :

मास्तर, हात टेकले. प्युरिफायरच्या पाण्याचा टीडीएस ११० आणि नायट्रेट १०! पिण्याच्या पाण्यात नायट्रेट? हे पाणी आम्ही पितो!

रसायनमास्तर :

पिताय ते ठीक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, १० म्हणजे तुमच्यासाठी काहीच नाही. तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरवेल किंवा टँकरचं पाणी मिसळत असणार. भूजलात नायट्रेट बऱ्याच ठिकाणी असतं, शेतीची खतं आणि सांडपाणी दोन्हींतून येतं.

आरओने ते का अडवलं नाही? दोन कारणं. एक, इतर क्षार अडवण्यात मेम्ब्रेन जेवढी पक्की तेवढी नायट्रेटला नाही. दुसरं मोठं. घरगुती प्युरिफायरमध्ये चव यावी म्हणून 'टीडीएस कंट्रोलर' असतो. तो मेम्ब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी पुढे परत मिसळतो. बऱ्याच यंत्रांत वर खनिजांचं कार्ट्रिजही असतं. पिणाऱ्याला बरं, टाकीला नाही.

हिशेब बघा. रोज १ लिटर भर म्हणजे आठवड्याला ७ लिटर, लिटरमागे १० मिलिग्रॅम, झाले ७० मिलिग्रॅम. ६० लिटरमध्ये ते होतात १.२ पीपीएम. बाष्प होऊन जातं ते निव्वळ पाणी, नायट्रेट मागेच राहतं, म्हणून हे साचतं. शिवाय रविवारच्या ६ लिटरमधून आणखी १ पीपीएम. खाण्याचे २ धरा. सगळं मिळून ४ च्या वर. तुमचे ४० आले की नाही बरोबर?

चिंबोरी :

_/\_ मास्तर.

कोथरूडकर, आता काय करायचं ते सांगते. आरओच्या मेम्ब्रेनमधून निघालेली नळी कंट्रोलरच्या आधीच टी लावून वेगळी काढून घ्या. प्युरिफायरवाल्याकडून करून घ्या, स्वतः उघडत बसू नका. त्या नळीवर डीआय रेझिनचं (उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचं) कार्ट्रिज लावा. पेनवर शून्य यायला हवं. रंग बदलणारं रेझिन मिळतं, ते घ्या. निळं खालून तपकिरी होत वर चढलं की बदलायची वेळ आली हे दिसतं. पूर्ण रंग जाईपर्यंत थांबू नका, रेझिन संपत आलं की सिलिका सगळ्यात आधी निसटते आणि काचेवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) येतं.

एक महत्त्वाचं. प्युरिफायर 'कॉपर'वाला नाही ना? हल्ली तांब्याचं पाणी म्हणून जी यंत्रं निघाली आहेत त्यांचं पाणी खाऱ्या टाकीत एक थेंबही नको. मासे कदाचित तग धरतील, पण कोळंबी, गोगलगाय, खेकडे यांना तांबं म्हणजे विषच. वर दगड आणि वाळू ते धरून ठेवतात, नंतर काढणं अवघड. तुमची कोळंबी जिवंत आहे, कात टाकतेय, म्हणजे तुमच्याकडे तसं नसावं.

कोथरूडकर :

नाही, साधाच आहे. हुश्श.

वऱ्हाडी_मासा :

भर घालण्यावरून सांगतो. आमच्या नागपुरात मे महिन्यात पंखा लावला की पाणी दोन-तीन डिग्री सहज उतरते, कारण हवा कोरडी. मुंबईवाल्यांना तेवढा फायदा नाही होत. पण कोरड्या हवेत पाणी उडतेही तसंच. आणि खोलीत डेझर्ट कूलर चालू असला की हवा दमट होते अन् पंख्याचा जोर कमी पडते, हे आधी माझ्या ध्यानातच नव्हतं आलं.

चार दिवस लग्नाला गेलं की काय होते बघा. ६० लिटरमधले ४ लिटर उडाले, मीठ तेवढंच राहिलं, म्हणजे ३५ ची सॅलिनिटी (खारटपणा, हजारात किती ते) साडेसदतीसवर. आल्या आल्या एकदम ४ लिटर ओतले तर परत झटका. म्हणून मी कूलरमधला फ्लोट काढून टाकीला लावाव म्हणतो, वरच्या बादलीतून आपोआप भर पडत राहील. कोणी केलंय का?

रसायनमास्तर :

कल्पना चांगली, कूलरचा फ्लोट मात्र नको. तो बहुधा पितळी असतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. शून्य टीडीएसचं पाणी धातू चाटायला अतिशय हावरट. प्लॅस्टिकचा फ्लोट मिळतो, तो लावा. आणि बादली एवढीच ठेवा की फ्लोट अडकून सगळी रिकामी झाली तरी सॅलिनिटी फार पडू नये.

वऱ्हाडी_मासा :

बरं झालं विचारलं राजेहो. फ्लोट परत कूलरमध्ये.

भगवतीबंदर :

तुम्ही सगळे मीठ कालवताय, आम्ही रत्नागिरीकर सरळ समुद्रातून पाणी आणतो. फुकट. पण त्याचीही रीत आहे हो.

पाणी आणायचं ते डिसेंबर ते मार्च. पाऊस सुरू झाला की नद्या लाल माती घेऊन येतात, खारटपणा उतरतो, ते पाणी टाकीच्या कामाचं नाही. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी कधीच भरायचं नाही, काजळी नदीचं पाणी तिथे मिसळतं. उघड्या समुद्राच्या बाजूला, खडकावरून, भरतीला. आणि उधाणाची भरती नको, भांगाची (कमी जोराची) बघा. उधाणाला पाणी तळापासून ढवळून निघतं, भांगाला निवळ असतं. दुहेरी पंचातून गाळून खाण्याच्या दर्जाच्या ड्रममध्ये, झाकण लावून अंधारात काही दिवस ठेवायचं. बारीक जीव मरतात, गाळ खाली बसतो, वरचं तेवढं घ्यायचं. वापरण्याआधी हवा सोडायची आणि सॅलिनिटी मोजायचीच.

बंदराजवळचं, बोटींच्या डिझेलचा तवंग असलेलं पाणी भरू नये हे सांगायला नको. मुंबईच्या किनाऱ्यावरून भरायचा विचारसुद्धा करू नका.

झाडगावला मत्स्यालय आहे, इकडे आलात की बघून जा.

खडेमीठ :

अवांतर: एवीतेवी किनाऱ्यावर गेलोच तर वाहून आलेले प्रवाळाचे तुकडे टाकीत घातले तर चालतात का? बॅक्टेरियाला घर म्हणून?

चिंबोरी :

नाही! वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली खडक बांधणाऱ्या प्रवाळांना पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मेलेला, वाळलेला तुकडा असला तरी. लोक घरात फ्रेम करून लावतात ते 'इंद्रजाल' म्हणजेही काळं प्रवाळ किंवा समुद्रपंखा, तेही त्यातच येतं. वास्तुदोष जाईल न जाईल, वनखातं मात्र येईल. सच्छिद्र सिरॅमिकचे दगड मिळतात, बॅक्टेरियाला पत्ता विचारायची सवय नसते.

एकरूमकिचन :

वाचतोय, छान चर्चा. डोंबिवलीच्या छोट्या घरातून दोन शब्द. इथे टाकी आणि ओटा यात सात-आठ फुटांचं अंतर. पाण्यावर सतत तेलकट पापुद्रा यायचा. फिल्टर बदलून बघितला, काही नाही. मग लक्षात आलं, फोडणी! तळणाच्या दिवशी जास्त. तो थर पाण्याचा आणि हवेचा संबंधच तोडतो, ऑक्सिजन आत जात नाही. वेव्हमेकरचं तोंड थोडं वर केलं, पृष्ठभाग सळसळता ठेवला, पापुद्रा गेला.

डासांच्या लिक्विडबद्दलही सावध राहा. त्यातलं औषध पायरेथ्रॉइड जातीचं असतं, मासे आणि कोळंबी दोघांनाही भयंकर. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी पंप बंद आणि टाकीवर ओलं फडकं घट्ट, पण वेव्हमेकर चालू.

नवशिक्या_७ :

माझ्या टाकीचा पीएच सकाळी ७.८ येतो, रात्री एसी लावून दारं-खिडक्या बंद असतात. बफर (पीएच चढवायची पावडर) टाकू का?

रसायनमास्तर :

खोलीत माणसं झोपलेली, हवा कोंडलेली, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढलेला, तो पाण्यात विरघळतो. आधी अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरायची पाण्याची ताकद, डीकेएचमध्ये मोजतात) मोजा. ती ७ ते ९ डीकेएच असेल तर बफर टाकू नका, सकाळी खिडकी उघडा. दुपारी पीएच आपोआप चढलेला दिसेल.

चिंबोरी :

कोथरूडकर, स्किमरचं राहिलंच. स्किमर फेसाबरोबर विरघळलेले सेंद्रिय पदार्थ नायट्रेट व्हायच्या आधी काढतो. तयार झालेलं नायट्रेट तो काढत नाही, आणि प्युरिफायरमधून येणारं तर मुळीच नाही. ६० लिटरला तो लागतोच असं नाही. त्याच पैशात डीआय घ्या.

खाण्याकडे या. क्यूब चहाच्या गाळणीत ठेवून थोड्या आरओ पाण्याखाली वितळू द्या, ते गढूळ पाणी मोरीत. थोडं फॉस्फेट त्या रसाबरोबर जातं. एका जोडीला अर्धा क्यूब दिवसभराला पुष्कळ झाला. फिल्टरमध्ये स्पंजाऐवजी पांढरा फ्लॉस ठेवा आणि आठवड्यातून दोनदा फेकून द्या. फ्लॉस महिनाभर ठेवला तर त्यात अडकलेली घाण तिथेच कुजते आणि पाणी तिच्यातूनच फिरत राहतं. पाणी बदलायच्या आधी बिनसुईच्या मोठ्या सिरिंजने दगडांच्या कपारीत फुंकर मारा. जो करडा धूर निघेल तो बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. तो खाली बसायच्या आत पाइप लावून ओढून घ्या.

आणि बाबांचा डबा कपाटात.

कोथरूडकर :

डबा कपाटात ठेवला तर दुसरा आणतील. तोडगा असा काढला: सकाळचं खाणं बाबांच्या हातून, गोळीच्या साप्ताहिक डबीत मी रविवारीच मापून भरून ठेवतो. वार बघून टाकायचं. त्यांना आवडलंय.

डीआय बसवलं, पेनवर शून्य. आता ४० वरून खाली यायला १० टक्क्यांनी किती वेळ लागेल?

रसायनमास्तर :

फार. अर्ध्यावर यायलाच महिने जातील. त्यापेक्षा तीन आठवडे ३० टक्के बदला. दर वेळी ७० टक्के उरतं, तिसऱ्या बदलानंतर मूळचं ३४ टक्के. ४० चे साधारण १४, वर आठवड्याची आवक धरून थोडं जास्त. नव्या पाण्याची सॅलिनिटी आणि तापमान टाकीशी जुळवून घ्या. मीठ पाण्यात टाका, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शियमचा साका बसतो. पॉवरहेड (छोटा पंप) लावून काही तास फिरू द्या.

शून्यावर आणायच्या मागे लागू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेट्स (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्म जीव) येतात. त्यापुढे तुमचं शेवाळ परवडलं.

कोथरूडकर :

अपडेट: ३० टक्क्यांचे बदल झाले, आज नायट्रेट १५ आणि २० च्या मधला रंग. शेवाळ अजून आहे, पण आधी ओढलं तरी निघत नव्हतं, आता बोटाने चिमटीत येतं. गोगलगाईही आता त्याला तोंड लावतायत. सर्वांचे आभार.

आता मुलगी मागे लागलीय, निळा टँग मासा हवा म्हणून. पाणी सुधारलंच आहे तर एक छोटासा ठेवू का?

चिंबोरी :

नको. तो छोटासा राहत नाही, फूटभर वाढतो आणि दिवसभर पोहत असतो. ६० लिटरमध्ये त्याला वळायला जागा नाही, आणि मास्तरांचं सगळं गणित परत पहिल्यापासून मांडावं लागेल. मुलीला आणखी एक कोळंबी घेऊन द्या.

खडेमीठ :

कोळंबी म्हणताय तर आमच्याकडे रविवारी बाजारात...

चिंबोरी :

@खडेमीठ, गप्प बसा.